ओडेन्समध्ये जुनं सागाचं डायनिंग टेबल घेतलंय, खाली 'वेगनर' असा शिक्का आहे. घासू का नको?

फ्यूनची_वैदेही

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज, कारण नवरा शनिवारी घासायचं मशीन भाड्याने आणतो म्हणतोय आणि मला काही ते बरं वाटत नाहीये.

आम्ही डेन्मार्कमध्ये ओडेन्सला राहतो, तीन वर्षं झाली. इथे जुन्या वस्तूंची दुकानं गल्लोगल्ली असतात, गेनब्रुग म्हणतात त्यांना, तिथून महिन्याभरापूर्वी एक डायनिंग टेबल उचललं २,२०० क्रोनरला. दुकानातल्या आजींना त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं, जुनं आहे, एका घरातलं सगळं सामान आलं त्यात आलं एवढंच म्हणाल्या. वरची फळी लालसर तपकिरी, सागासारखी, पाय मात्र फिकट रंगाचे, गोल आणि खाली निमुळते होत गेलेले. गंमत म्हणजे दोन सुट्या फळ्या सोबत मिळाल्या, टेबलाच्या दोन्ही टोकांना खालून लाकडी पट्ट्या बाहेर ओढायच्या आणि त्यावर फळी ठेवायची की सहा जणांचं टेबल दहा जणांचं होतं. एका बोटाने ओढली तरी पट्टी सरकते, इतक्या वर्षांनी!

घरी आणून उलटं केलं तेव्हा खालच्या चौकटीवर तापलेल्या लोखंडाने डाग दिल्यासारखा शिक्का दिसला. पुसट आहे पण आंद्रेआस टक, आर्किटेक्ट हान्स वेगनर, डेन्मार्क असं वाचता येतंय. ऑफिसातल्या डॅनिश मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती किंचाळलीच.

आता प्रॉब्लेम. सासूबाई आल्यात तीन महिन्यांसाठी. त्यांनी बिचाऱ्यांनी सवयीने कुकर उतरवून थेट टेबलावर ठेवला, पांढरा गोल चट्टा उमटलाय बशीएवढा. त्याच्या शेजारी वरणाचा पिवळा डाग, तो माझाच पराक्रम. नवऱ्याचं म्हणणं सागाचं लाकूड आहे, गावाकडे आमच्या दाराच्या चौकटी दर दहा वर्षांनी घासून नव्या करतात, हे पण घासू आणि वरून चकचकीत पॉलिश मारू.

तर प्रश्न असे की हा शिक्का खरा असू शकतो का, हा वेगनर नक्की कोण, हा साग आपला साग आहे का, आणि मशीन आणू द्यायचं का नाही.

---

रंधापटाशी

ताई, मशीन आणू देऊ नका. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

मी पुण्यात फर्निचर करतो, वीस वर्षं झाली. तुमच्या टेबलाची वरची फळी अख्ख्या सागाची आहे का वर विनिअर, म्हणजे सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला, आहे हे कळल्याशिवाय त्यावर काहीही फिरवायचं नाही. आपल्याकडे आज बाजारात ४ एमएमचा विनिअर शीट म्हणून जो मिळतो त्यात वरचा खरा लाकडाचा थर जेमतेम अर्धा एमएम असतो, बाकी प्लाय. त्या काळचं विनिअर थोडं जाड असायचं हे खरं पण ते सुद्धा किती वेळा घासलं गेलंय साठ-सत्तर वर्षांत कोणाला माहीत. मशीनचा पट्टा एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की खालचं लाकूड डोकं वर काढतं आणि मग त्याला जगात औषध नाही. माझ्याकडे अशी टेबलं येतात, मालक म्हणतो काहीतरी करा, मी म्हणतो वर मेणकापड टाका.

कसं ओळखायचं ते सांगतो. टेबलाच्या आखूड बाजूला, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा संपतात तिथे, बसून टॉर्च मारा. अख्खी फळी असेल तर वरच्या रेषा कडेवरून खाली वळलेल्या दिसतील आणि कडेला लाकडाचं आडवं कापलेलं तोंड दिसेल, बारीक छिद्रं आणि वर्षांची वलयं. विनिअर असेल तर कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते, तिच्या रेषा कडेच्या लांबीने धावतात आणि वरून बघितलं तर पट्टी आणि फळी यांच्यामध्ये एक केसाएवढी सांधरेषा दिसते. शिवाय वरचं डिझाइन आरशात बघितल्यासारखं परत परत आलंय का ते बघा, तसं असेल तर तो एकाच ओंडक्याचे पातळ पापुद्रे पुस्तकासारखे उघडून लावलेले असतात. फोटो टाका.

---

बल्लारशा_टीक

आमचं घराणं लाकडाच्या धंद्यातलं, बल्लारपूरचं, त्यामुळे सागाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

साग तो साग. झाड एकच, टेक्टोना ग्रँडिस, मग ते आलापल्लीच्या जंगलात वाढो का ब्रह्मदेशात का सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात. फरक माती-पावसाचा आणि वयाचा. आमच्याकडच्या मालाला बाजारात अजून सीपी टीक म्हणतात, इंग्रजांच्या काळचा सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रांत जाऊन किती वर्षं झाली पण नाव काही गेलं नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं हे तुम्ही वाचलं असेल. आता डेन्मार्कमध्ये सागाचं एक झाड उगवत नाही, तिथे थंडीने मरेल ते, मग यांनी सागाची एवढी टेबलं केली कशी? तर यांची ईस्ट एशियाटिक कंपनी म्हणून एक मोठी कंपनी होती, १८९७ साली कोपनहेगनमध्ये निघालेली, तिचा मूळ धंदाच बँकॉकहून साग आणायचा. काढणारा माणूस आंदरसेन म्हणून, आधी खलाशी होता, सयामात जाऊन सागावर गबर झाला. म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर यांच्या सुतारांना साग सापडला असं जे लिहितात ते अर्धंच खरं, सागाची वाट आधीपासून होती, युद्धानंतर फर्निचरवाल्यांनी ती जोरात वापरली.

सागात वाळूचा अंश असतो, सिलिका. साध्या पोलादी पात्याची धार तासाभरात बसते, हे आमच्या आरा मशीनवाल्याला विचारा. कार्बाइडची पाती आली म्हणून कारखान्यात धडाधड साग कापणं यांना परवडायला लागलं.

पण ताई एक सांगतो, रागावू नका. विनिअर निघालं तर २,२०० क्रोनर जास्तच दिलेत. विनिअर म्हणजे वरून सोनेरी मुलामा. खरा साग असेल तरच त्याला किंमत, आमच्या आजोबांचा पलंग शंभर वर्षांचा आहे, चार माणसांशिवाय हलत नाही, त्याला म्हणतात फर्निचर.

---

जुनी_खुर्ची

बल्लारशाकाका, सागाची माहिती एक नंबर पण शेवटच्या परिच्छेदाशी कडाडून असहमत, त्यावर येतो.

वैदेही, तुम्हाला लॉटरी लागलीय हे आधी समजून घ्या. मी आर्किटेक्ट आहे, मुंबईत, आणि वेगनर हा माझा जुना आजार आहे. हान्स वेगनर, जन्म १९१४, गाव ट्योन्डर, जर्मनीच्या हद्दीला लागून. वडील बूट शिवायचे. हा चौदाव्या वर्षी गावातल्या सुताराकडे उमेदवारी करायला लागला आणि सतराव्या वर्षी पक्का सुतार झाला, म्हणजे कागदावर डिझाइन शिकायच्या आधी हात लाकडात. मग कोपनहेगनला शिकायला गेला आणि १९४० च्या सुमारास आर्हूसच्या नव्या टाऊन हॉलचं फर्निचर करायला आर्ने याकोबसेन आणि एरिक म्योलर या आर्किटेक्टांकडे लागला. या माणसाने आयुष्यात पाचशेच्या वर खुर्च्या डिझाइन केल्या. पाचशे! १९४९ ची त्याची गोल पाठीची खुर्ची तर १९६० मध्ये केनेडी आणि निक्सनची टीव्हीवर ती गाजलेली चर्चा झाली त्यात केनेडीच्या बुडाखाली होती. लोक तिला नुसतं 'द चेअर' म्हणतात, दुसरं नावच लागत नाही. २००७ मध्ये गेला, ९२ वर्षांचा होऊन.

आता तुमच्या टेबलाकडे. वेगनर स्वतः कारखाना चालवत नव्हता. १९५१ मध्ये पाच कारखान्यांनी मिळून सालेस्को नावाची विक्रीची एकी केली, तिच्यामागे आयविन कोल्ड क्रिस्टेनसेन नावाचा एक अतिशय चलाख सेल्समन होता. त्याची आयडिया अशी की पाचही जणांनी वेगनरच्याच वस्तू करायच्या पण एकमेकांच्या ताटात हात घालायचा नाही. कार्ल हानसेन खुर्च्या करणार, गेटामा दिवाण-सोफे, एपी स्टोलेन गाद्यांच्या आरामखुर्च्या, री मोब्लर कपाटं, आणि टेबलं कोण तर आंद्रेआस टक. त्यामुळे गिऱ्हाईक एका माणसाच्या हाताची अख्खी दिवाणखान्याची वस्तू-वस्तू घेऊ शकायचं पण बिल पाच कारखान्यांचं. मॉडेलच्या नंबरात पण ते दिसतं, सीएच म्हणजे कार्ल हानसेन, एपी म्हणजे एपी स्टोलेन, आणि एटी म्हणजे तुमचे टकसाहेब. सागाची फळी, ओकचे पाय, दोन जादा फळ्या म्हटल्यावर मला एटी-३१२ आठवतंय, त्याचे लिलावातले जुने फोटो शोधा आणि पायाचा वरचा जोड ताडून बघा. शिक्का नुसता बघून भुलू नका, शिक्का कोणीही मारू शकतो, पण एका बोटाने सरकणारी पट्टी खोटी मारता येत नाही.

आणि गंमत सांगू? आंद्रेआस टकचा कारखाना होता ओडेन्सला. तुमच्याच गावात. म्हणजे हे टेबल कदाचित गावाबाहेर गेलंच नसेल.

आता काका, विनिअरबद्दल. मुलामा काय म्हणता? रुंद अख्खी फळी ऋतूप्रमाणे आडवी फुगते आणि आखडते, तिथे तर हिवाळ्यात हीटरने हवा पापडासारखी कोरडी. त्यात या टेबलाला टोकाला फळ्या जोडायच्यात, वरची फळी जरा जरी वाकली तरी दोन फळ्यांमध्ये पायरी होणार. स्थिर गाभ्यावर चांगलं विनिअर हा तिथे विचार करून घेतलेला निर्णय असायचा, पैसे वाचवायला घेतलेला नाही. शिवाय तुमच्या आजोबांचा पलंग चार माणसांशिवाय हलत नाही हे त्या पलंगाचं कौतुक का तक्रार? या लोकांची घरं युद्धानंतर छोटी छोटी होती, दोन खोल्यांची, रोज चौघांचं टेबल लागायचं आणि रविवारी दहाचं. वेगनरचा एक जिवलग मित्र होता बोर्ग मोगेनसेन, तो तर १९४२ ते १९५० सहकारी संस्थांच्या फर्निचर विभागाचा प्रमुख होता, साध्या कामगाराला परवडेल अशी टेबल-खुर्ची करणं हाच त्याचा धंदा. ताटं किती, काटे-चमचे किती, सदरे घडी करून किती जागा खातात हे मोजून फर्निचर करायचं हे वेड त्याला त्याच्या गुरुजींकडून, कोरे क्लिंटकडून आलेलं.

---

पोहेवाला_बंड्या

केनेडी खुर्चीत बसला, नाव खुर्चीचं झालं. टेबलाने आयुष्यभर कुकर सहन केला, त्याला कोण विचारतो.

---

रंधापटाशी

बंड्या :)

खुर्चीसाहेबांना +१. मी पण सुरुवातीला काकांसारखंच म्हणायचो, शुद्ध साग नाही तर काम घेत नाही. मग एका गिऱ्हाइकाला साडेतीन फूट रुंद अख्ख्या सागाचा टॉप करून दिला, एसी सतत चालू असलेल्या घरात, सहा महिन्यांत मधून फाकला. दोष लाकडाचा नव्हता, माझा होता, खालून स्क्रू घट्ट आवळून त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. पैसे परत दिले, वर शिव्या खाल्ल्या.

---

फ्यूनची_वैदेही

बाप रे, एवढं सगळं! खूप खूप धन्यवाद. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि सासूबाई दोघी टेबलाखाली टॉर्च घेऊन झोपलो होतो, नवरा दारातून बघून परत गेला.

तर रिपोर्ट. कडेला वेगळी पट्टी आहे, सांधरेषा दिसते, अगदी बारीक, नखाला लागत नाही. वरच्या डिझाइनची नक्षी चार वेळा येते, आरशातल्यासारखी. म्हणजे विनिअर. कडेची पट्टी आणि ओढायच्या लाकडी पट्ट्या अख्ख्या लाकडाच्या वाटतात. पाय ओक असावेत, त्यावर छोट्या छोट्या चकाकत्या रेषा आहेत वाघाच्या पट्ट्यांसारख्या. पाय वरच्या चौकटीत कुठेही स्क्रू न दिसता बसलेत. एटी-३१२ च्या फोटोंशी ताडून पाहिलं, जोड तसाच दिसतोय मला तरी.

काका रागावले नाहीयेत ना? सासूबाई तुमच्या बाजूने आहेत, त्यांना विनिअर ऐकून वाईट वाटलं, म्हणाल्या आमच्या सातारच्या घरी बघ कसं. पण मग फळी जोडून बघितली आणि मधे हात फिरवला तर कुठे संपलं कुठे सुरू झालं कळेना, तेव्हा गप्प बसल्या.

एक नवीन गोष्ट लक्षात आली. दोन्ही सुट्या फळ्यांचा रंग मूळ टेबलापेक्षा वेगळा आहे, बऱ्यापैकी. बदललेल्या आहेत का कोणी?

आणि आता चट्ट्याचं काय करू? मशीन रद्द झालंय, नवरा रुसलाय.

---

रंधापटाशी

रंग वेगळा आहे ही चांगली खूण आहे ताई! फळ्या कपाटात नाहीतर पलंगाखाली अंधारात राहिल्या आणि टेबल खिडकीशी, उजेडाने सागाचा रंग बदलतो. दोन्ही सेम रंगाचे असते तर मी म्हणालो असतो कोणीतरी सगळं घासून नवं केलंय. आता तुम्ही फळ्या लावून खिडकीशी ठेवा, वरती फळांची टोपली वगैरे ठेवू नका नाहीतर तिचा गोल छापा उठेल, आणि महिनोन् महिने वाट बघा. पूर्ण जुळणार नाही, पण अंतर कमी होईल.

ओकच्या चकाकत्या रेषा बरोबर ओळखल्यात, ते ओकच.

चट्टा. आधी वरती काय फिनिश आहे ते बघा. खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन टेकवा. चिकट झालं तर लॅकर, म्हणजे वर बसलेला कडक पारदर्शक थर आहे, काहीच झालं नाही तर तेल पाजलेलं आहे. पांढरा चट्टा म्हणजे बहुतेक वेळा वरच्या थरात अडकलेली वाफ, लाकूड जळलेलं नाही, काळा असता तर काळजीचं होतं. लॅकर असेल तर त्यावर जुनं सुती धोतर किंवा चादर घडी करून ठेवा आणि इस्त्री अगदी कोमट, वाफ बंद, दोन-तीन सेकंद टेकवायची आणि उचलायची, बघायचं, परत टेकवायची. घाई केलीत तर विनिअरखालचं जुनं सरस सुटेल आणि फुगा येईल. तेलाचं फिनिश असेल तर इस्त्रीची गरज नाही, सागासाठीचं तेल थोडं घ्या आणि पांढऱ्या रंगाच्या मऊ घासणीने रेषांच्या दिशेने हळूहळू चोळा. भांड्यांची हिरवी घासणी नको, ती ओरखडे पाडते. लोखंडी तारांचा काथ्या पण नको, त्याचा चुरा ओकच्या पायांवर पडला आणि ओल लागली की ओकमधलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईसारखे काळे ठिपके पडतात. हे मी स्वतः भोगलंय.

पायांना तेल-बिल लावू नका एवढ्यात. डॅनिश लोक ओकला साबणाच्या चुऱ्याचं पाणी लावतात, तुमच्या मैत्रिणीला विचारा, तिच्या आईला नक्की माहीत असेल. त्याने ओक फिकट राहतो. सागाला मात्र तो साबण नको.

आणि हे फार महत्त्वाचं. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल असलेलं कापड वाळताना स्वतःच तापतं आणि गोळा करून ठेवलं तर कोणी काडी न लावता पेटतं. थट्टा नाही. पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर दोरीवर सुटं सुटं वाळत घाला.

---

बल्लारशा_टीक

मी कशाला रागावतो ताई. इतक्या वर्षांनी फळी एका बोटाने सरकते म्हणता, आमच्या पलंगाचा खणच उघडायला दोघं लागतात, हे मी घरात कबूल करणार नाही पण इथे करतो.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, त्या काळी जो साग यांना मिळाला तो मोठ्या वयाच्या झाडांचा, जंगलातला. आज तसा सहज मिळत नाही. ब्रह्मदेशाने तर २०१४ पासून अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. त्यामुळे ते विनिअर सुद्धा, हो विनिअर सुद्धा, आज परत तसं आणायचं म्हटलं तर अवघड. जपून वापरा.

आणि उद्या भारतात आणायचं ठरलं तर सागाला काही अडचण नाही, पण खुर्च्या-कपाटं घेताना रोझवूडचं काही घेतलंत तर कागदपत्रं बघून घ्या. ब्राझीलचं रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, आणि आपलं शिसवी धरून त्या कुळातली बाकीची सगळी झाडं २०१७ पासून त्याखालच्या यादीत. डॅनिश लोकांनी त्या काळात रोझवूड पण भरपूर वापरलंय. दिसायला देखणं असतं, विमानतळावर रडवतं.

---

मंदाकाकू

मुलांनो त्या हळदीच्या डागाचं कोणी बोललंच नाही. मी लाकूडबिकूड काही जाणत नाही पण हळद जाणते. हळदीचा पिवळा रंग उन्हाला टिकत नाही. पांढऱ्या साडीवरचा डाग धुऊन जात नाही आणि दोन दिवस उन्हात टाकली की आपोआप उडतो, आमच्या आईने शिकवलेलं. टेबल अंगणात नेऊ नकोस हो, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे तो कोपरा फिरव नुसता. लिंबू-सोडा चोळू नकोस, हळदीला सोडा लागला की ती लाल होते आणि मग अजून घोळ. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, कुकरबद्दल त्यांना काही बोलू नकोस, नवीन ठिकाणी गॅसजवळ ठेवायला जागा नसते माणूस करणार काय.

---

जुनी_खुर्ची

मंदाकाकू, लाकडाच्या दुकानात तुमची गरज आहे.

वैदेही, अजून दोन गोष्टी. एक म्हणजे टेबलाची उंची मोजा. त्या काळची डॅनिश टेबलं पुष्कळदा आपल्या नेहमीच्या तीस इंचापेक्षा थोडी बुटकी असतात, त्यामुळे आजच्या उंच सीटच्या खुर्च्या लावल्या तर गुडघे चौकटीला लागतात. खुर्ची घेताना टेबलाच्या चौकटीची खालची कड मोजून मगच घ्या. वेगनरचीच वाय आकाराच्या पाठीची खुर्ची, १९४९ ची, अजून कार्ल हानसेन करतात आणि तेही मूळचे ओडेन्सचेच. तिच्या सीटला कागदाचा पिळलेला दोर विणलेला असतो, एका खुर्चीला साधारण १२० मीटर. नवीन घ्यायची तर एका खुर्चीत तुमच्या टेबलाचे सगळे पैसे निघून वर खड्डा पडेल. म्हणून जुन्याच दुकानात लक्ष ठेवा, मोगेनसेनची जे-३९ म्हणून एक साधी खुर्ची आहे १९४७ ची, तिला तिकडे 'लोकांची खुर्ची' म्हणतात, ती या टेबलाशी छान जाते आणि इतकी घराघरांत होती की अजून सापडते.

दुसरी गोष्ट, ट्योन्डरला जा कधीतरी. तिथल्या जुन्या पाण्याच्या टाकीचं म्युझियम केलंय आणि वेगनरने गावाला दिलेल्या ३७ खुर्च्या तिथे मांडल्यात. सासूबाईंना पण न्या.

आणि सहज आठवलं म्हणून. मोगेनसेनला मुलगा झाला, पेटर, तेव्हा वेगनरने त्याच्यासाठी छोटीशी खुर्ची केली, तुकडे एकमेकांत अडकवून उभी राहणारी, ना खिळा ना स्क्रू, पोराने चावली तरी त्याला लागू नये अशा गोल कडा. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, बाजारात काही धड मिळत नव्हतं म्हणून. पुढे तिच्या जोडीचं टेबल पण आलं. मला त्याच्या पाचशे खुर्च्यांमध्ये ही सगळ्यात आवडते.

---

फ्यूनची_वैदेही

अपडेट!! थिनर टेकवलं, काही झालं नाही, म्हणजे तेलाचं फिनिश. मग डॅनिश मैत्रिणीच्या आईनेच तेल आणि पांढरी घासणी आणून दिली आणि माझ्या हातातून घासणी काढून घेऊन स्वतःच चोळायला बसल्या, म्हणाल्या त्यांच्या माहेरी पण टकचं टेबल होतं, भावाने विकलं, त्याच्याशी त्या अजून नीट बोलत नाहीत. चट्टा ऐंशी टक्के गेलाय. उरलेला तिरप्या उजेडात बघितलं तरच दिसतो. फडकी दोरीवर वाळत घातलीत बाहेर, शेजारी विचारून गेला काय प्रकार आहे.

हळदीचा कोपरा खिडकीकडे फिरवलाय. इथे ऑक्टोबरात ऊन म्हणजे दिवसातून वीस मिनिटं, मंदाकाकू, त्यामुळे साडीसारखं दोन दिवसांत होणार नाही, पण पिवळेपणा उतरतोय हे नक्की.

उंची मोजली, ७१ सेंटिमीटर. आमच्या आत्ताच्या खुर्च्यांमध्ये नवऱ्याचे गुडघे खरंच लागतात, आणि तो इतके दिवस म्हणत होता की टेबलातच काहीतरी गडबड आहे.

सासूबाईंनी स्वतःहून दोन जुन्या गोधड्यांचे तुकडे शिवून कुकरसाठी जाड चौकोन केलेत. काल दोन्ही फळ्या लावल्या, दहा जण जेवलो, मैत्रिणीची आई पण होती. तिने पुरणपोळी खाताना तीन वेळा टेबलाखाली वाकून शिक्का पाहिला.

जे-३९ वर डोळा ठेवून आहे. कोणाला ओडेन्सच्या आसपास दिसली तर कळवा, चार हव्यात, दोन चालतील.